लाल रस्त्यावर कोणी कोणाकडे बघायचं

माझ्या मावशीने निळ्या गाडीच्या दारावर हँडलपासून मागच्या चाकापर्यंत एक सरळ, देखणा ओरखडा ओढला, तेव्हा मी त्या निळ्या गाडीच्या मागेच माझ्या गाडीत बसले होते. त्यामुळे हे युद्ध मी पहिल्या रांगेतून पाहिलं आहे, आणि ज्यांनी ऐकीव माहितीवर मराठी मंडळात मावशीला शिव्या घातल्या त्यांच्यापेक्षा माझं सांगणं जास्त खरं आहे. थोडं रंगवलेलं असेल. पण खरं आहे.

आधी रंगमंच सांगते. हॉलंडमध्ये, नीउ-व्हेनेपहून सायकलने येता येईल अशा एका गावात आम्ही राहतो. गावाच्या जुन्या टोकाला ज्येष्ठांसाठी बांधलेली एक लांबलचक इमारत आहे. तिथे सत्तरीच्या आतल्या माणसाला पोरगेलासा समजतात. नव्या टोकाला आम्ही: एकसारख्या विटांची एकसारखी घरं, आणि त्यांत पुण्या-मुंबईहून आलेली, झुइडास या बड्या ऑफिसांच्या भागातल्या काचेच्या मनोऱ्यांत कामाला जाणारी कुटुंबं. आमच्या टोकावरून स्टेशनला आणि शाळेला जायचा जवळचा रस्ता नेमका त्या इमारतीच्या फाटकासमोरून जातो. रस्ता लाल डांबराचा आहे. इकडे लाल डांबर म्हणजे सायकलींची मालकी. त्यांच्या पंक्तीला स्कूटमोबीलं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या बॅटरीवर चालणाऱ्या चारचाकी खुर्च्या, पुढे टोपली, मागे काठी अडकवायची नळी. गाड्यांना मनाई नाही, पण सुरुवातीलाच पाटी आहे. तिच्यावर ऐटीत बसलेला सायकलस्वार, त्याच्या मागे ओशाळलेली छोटीशी गाडी, आणि खाली डचमध्ये लिहिलंय की गाडी इथे पाहुणी आहे.

आमच्या लोकांनी ही पाटी वाचली आणि आपल्या सोयीने समजून घेतली. आपल्याकडे पाहुणा आला की घरचे लोक पलंग सोडून जमिनीवर गाद्या टाकतात. तेव्हा पाहुणी गाडी आली की घरच्या सायकलींनी बाजूला सरकायला काय हरकत आहे? असं मला एकाने खरोखर समजावून सांगितलं होतं, चकली खाता खाता.

आता मावशी. माझ्या आईची ही धाकटी बहीण. कारखाना उभारायला पुण्यात आलेल्या एका डच इंजिनिअरशी तिने लग्न केलं, त्याला अर्धशतक होऊन गेलं. आमचे ते उंच, अबोल काका आता नाहीत. मूलबाळ नाही. ऐंशी ओलांडलेली मावशी त्या लांबलचक इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. दोन्ही गुडघे बदलून झालेत आणि कंबर कधीच रुसून बसली आहे. दारापासून लिफ्टपर्यंत ती काठी टेकत जाते, लिफ्टमधून तळमजल्यावरच्या स्कूटमोबीलांच्या तबेल्यात, आणि मग एकदा त्या खुर्चीत बसली की मंगळवारचा बाजार, हेरिंग मासळीची गाडी, केस कापणारी, पत्त्यांचा अड्डा, सगळं गाव तिचं. पण ते यंत्र तिचं नाही. ते खेमेन्तेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं. त्यांनी दिलं, ते परतही नेऊ शकतात. नेलं, तर मावशीचं जग म्हणजे तिसरा मजला आणि बाल्कनीतल्या कुंड्या. मी आठवड्यातून दोनदा भाजी आणून देईन, ती म्हणेल कोथिंबीर शिळी आहे, आणि आम्ही दोघी एकमेकींचा जीव घेऊ.

ही सगळी गोष्ट त्या यंत्राबद्दल आहे.

आणि निळे गृहस्थ. त्यांच्या इलेक्ट्रिक गाडीचा रंग निळा, म्हणून ते निळे. कोथरूडचे. आमच्यापेक्षा चार घरं पुढे राहतात. गणपतीत माइक त्यांच्या हातातून काढून घ्यायला दोन माणसं लागतात. कुठल्याशा कंपनीत फार मोठे आहेत, हे मला माहीत आहे, कारण त्यांनी ते सांगितलं आहे.

मावशी आणि निळे एकमेकांना ओळखत नव्हते तरी दोघांची शाळा एकच होती. ही शाळा पुण्याच्या रस्त्यावर भरते. मी लहान असताना मावशी सुट्टीत पुण्याला यायची आणि मला सायकलवरून लक्ष्मी रोडला न्यायची. ती पुढे, मी मागे. पहिल्याच दिवशी तिने मला मूलमंत्र दिला होता.

"समोरच्याकडे बघायचं नाही."

"मग तो येतोय हे कळणार कसं?"

"कळतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून कळतं. पण त्याला कळू द्यायचं नाही की आपल्याला कळलंय. तू बघितलंस हे त्याने बघितलं, की तो जाणार आणि तू थांबणार."

पुण्यात वाहन चालवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. तिथे ज्याने बघितलं त्याच्यावर जबाबदारी येते. ज्याने बघितलंच नाही, तो बिचारा काय करणार? म्हणून भर चौकात प्रत्येक जण दूर क्षितिजावर कुठेतरी कवितेत हरवल्यासारखं तोंड करून येतो, आणि ब्रेक मात्र बोटाखाली असतो. ही फार वरच्या दर्जाची कला आहे. हॉलंडमध्ये नेमकं उलट. इथे तुम्ही डोळ्यांत डोळे घालता, तो भुवई उडवतो, तुम्ही हात वर करता, तो मान हलवतो, आणि दोघंही आपापल्या वाटेने जाता. सगळी वाहतूक अशी एकमेकांना नमस्कार-चमत्कार करत चालते. मावशी इथे अर्धं आयुष्य राहिली, डच इतकं अस्सल बोलते की फोनवर तिला कोणी परकी म्हणणार नाही, पण रस्त्यावर तिने कधी कोणाकडे बघितलं नाही. डच माणसं तिला बघून थांबत आली. त्यांना वाटायचं, म्हातारीला दिसत नसेल.

आणि मग एका सकाळी तिच्यासमोर दुसरा पुणेकर आला.

ती फाटकातून बाहेर पडत होती. निळे डावीकडून येत होते. मी निळ्यांच्या मागे. माझी मुलगी मागच्या सीटवर. मी दोघांचेही चेहरे बघितले: मावशी समोरच्या झाडावरच्या बगळ्याकडे बघत होती, झाडावर बगळा नव्हता. निळे त्यांच्या गाडीतल्या टीव्हीएवढ्या पडद्याकडे बघत होते. दोघांनाही दुसरा दिसत होता, ही गोष्ट मी कोर्टात शपथेवर सांगेन. शेवटच्या क्षणी निळ्यांनी ब्रेक दाबला आणि, हे त्यांनी करायला नको होतं, हॉर्न वाजवला. मावशीने ब्रेक दाबला नाही. काठीची नळी दारावरून करकरत गेली, तो आवाज माझ्या दातांत अजून आहे.

मुलगी डचमध्ये म्हणाली, "आई, आजी जिंकली."

निळे खाली उतरले आणि मोडक्या डचमध्ये म्हणाले, "आजी, दिसत नाही का?"

मावशीने त्यांच्याकडे न बघताच मराठीत उत्तर दिलं, "आजी कोणाची? आणि भोंगा कसला वाजवता? गिरणी आहे का ही?"

मराठी ऐकून त्यांचा चेहरा जो झाला, तो मी पुरवून पुरवून आठवते. परक्या म्हातारीला माफ करायची त्यांची तयारी झाली असती. आपल्या म्हातारीला नाही.

त्या संध्याकाळी, मावशी कोणाची हे शोधून काढून, ते माझ्या दारात उभे. "वहिनी, तुमच्या मावशींना आवरा."

"मी? तुम्ही आवरून बघा ना. मला पण बघायचंय."

"हसण्यावारी नेऊ नका. उद्या एखादं पोर सापडलं त्यांच्या खाली तर? त्यांना दिसत नाही, वहिनी. डोळ्यांसमोर होतो मी. एवढी मोठी गाडी. बघितलंच नाही त्यांनी."

"तुम्ही बघितलंत?"

"मी... माझ्याकडे सेन्सर आहेत."

मग त्यांनी छाती पुढे काढून सांगितलं की खेमेन्तेत त्यांनी तक्रार नोंदवली आहे, चोरून नाही, नाव देऊन, कारण नागरिक म्हणून ते कर्तव्य आहे. अशा वेळी माणसाने काय बोलावं? मी म्हणाले, "चहा घेणार?" आणि ते "नको" म्हणायच्या आत दार लावलं.

पुढच्या आठवड्यात मावशीला फोन आला. खेमेन्तेची एक बाई येणार, मावशी स्कूटमोबील कसं चालवते ते बघणार, तिच्या मागोमाग सायकलवरून फिरणार. ठीक वाटलं तर यंत्र राहील. नाही वाटलं तर ते घेऊन जातील. त्या बाईने हे इतक्या गोड आवाजात सांगितलं की मावशी मला म्हणाली, "एवढं गोड बोलतात म्हणजे घेऊन जायचं ठरलेलंच आहे."

मावशीला घाबरलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. ती घाबरली की भांडते. तिने आधी माझं डोकं खाल्लं, मग खेमेन्तेचं, मग कोथरूडचं. कोथरूडमध्ये तिच्या वेळी नुसती शेतं होती आणि ती तशीच ठेवायला हवी होती, असं तिचं मत पडलं.

"मावशी, तुझे डोळे उत्तम आहेत. त्यांना फक्त पटवायचंय की तुला दिसतं. समोरून कोणी आलं की त्याच्याकडे बघ. एवढंच."

"म्हणजे थांबायचं."

"थांबायचं नाही. बघायचं."

"तेच ते."

मी तिच्या जेवणाच्या टेबलाभोवती गाडी झाले. ती काकांच्या जुन्या, चाकं असलेल्या ऑफिसच्या खुर्चीत, मी उशी पोटाशी धरून समोरून येणार, तिने माझ्याकडे बघायचं, हात वर करायचा, मी थांबले की हसून आभार मानायचे. पहिल्या फेरीत तिने फ्रिजकडे बघितलं. दुसऱ्या फेरीत माझ्याकडे बघितलं, पण असं की मी आपोआप मागे सरकले.

"हसून, मावशी."

"आभार कसले? रस्ता काय त्याने घरून आणलाय?"

"इथे तशी पद्धत आहे. पन्नास वर्षांत तू कधी बघितलं नाहीस?"

"तुला सांगितलं ना, मी बघत नाही."

परीक्षेची वेळ ठरवायला त्या बाईने मला फोन केला, दुपारी निवांत वेळ सुचवली. मी म्हणाले, निवांत वेळी कोणालाही जमेल, तुम्ही सकाळी शाळा-ऑफिसच्या गर्दीत या, तेव्हाच खरं काय ते कळेल. बाईला माझा प्रामाणिकपणा फार आवडला. मी फोन ठेवला आणि बराच वेळ स्वतःवर खूश होते. कारण त्या वेळी लाल रस्त्यावरून रोज कोण जातं, हे मला माहीत होतं. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती मला म्हणाली, "तू माझ्या बाजूची आहेस की नाटकाच्या?" 

परीक्षेच्या दिवशी वारा असा की सायकल जागच्या जागी चालवावी लागत होती. बाई तरुण, उंच, गालांवर लाली, सायकलच्या टोपलीत प्लॅस्टिकचे केशरी कोन. मावशीने मोत्याच्या कुड्या घातल्या होत्या. पार्किंगमध्ये बाईने कोन मांडले आणि मावशीने त्यांतून नागमोडी गाडी अशी काढली, मागे अशी घेतली, की तबेल्याच्या दारात जमलेल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. "छान!" बाई म्हणाली. "आता रस्ता."

फाटकातून निघालो. मावशी पुढे, तिच्या मागे सायकलवर बाई, तिच्या मागे मी. समोरून पावाची व्हॅन आली. मावशीने चालकाकडे बघितलं. हात वर केला. हसली. त्याने मान हलवली. बाईने वळून मला अंगठा दाखवला. पुढे एक जोडपं सायकलवर. मावशीने बघितलं, हात, हसू. एक कुत्रा. त्यालाही. कोपऱ्यावर पोचेपर्यंत तिचा प्रचारफेरीतला उमेदवार झाला होता. रस्त्याच्या दुतर्फा हात हलवत चालली होती, आणि मला मागून तिची ताठ मान बघून कळत होतं की प्रत्येक हसण्याचा हिशेब ती नंतर माझ्याकडून वसूल करणार आहे.

कोपऱ्यावर आमच्या वस्तीतली गल्ली लाल रस्त्याला मिळते. तिच्या तोंडाशी जमिनीवर पांढरे त्रिकोण रंगवलेले आहेत. इथे त्यांना शार्कचे दात म्हणतात. दात ज्याच्याकडे रोखलेले, त्याने थांबायचं. दात गल्लीकडे रोखलेले होते. आणि गल्लीतून निळी गाडी येत होती.

निळे पडद्याकडे बघत होते.

मावशीने त्यांना बघितलं. सरळ, पूर्ण मान वळवून. मी सायकलचे ब्रेक दाबले आणि मनात म्हटलं, मावशी, थांब. नेहमीची मावशी गेली असती. हक्क तिचाच होता, आणि यंत्र जाण्याची वेळ आली नसती तर तिने त्यांच्या बॉनेटवरून गाडी घातली असती. पण मावशी थांबली. हात वर केला. हसलीसुद्धा. पन्नास वर्षांत पहिल्यांदा ती एका पुणेकरासाठी थांबली, आणि त्या पुणेकराने तिच्याकडे बघितलंही नाही. दातांवरून गाडी सरळ पुढे काढली.

फार लांब जाता आलं नाही. पलीकडच्या बाजूने शाळेच्या सायकलींचा लोंढा आला. निळ्यांना थांबावं लागलं, आणि गाडी थांबली ती मावशीच्या बरोबर पुढे, आडवी. त्यांची खिडकी मावशीच्या नाकासमोर. मागून सायकली आल्या, पुढून सायकली आल्या. निळे ना पुढे ना मागे. ते मान खाली घालून पडदा वाचत राहिले.

मावशीने काचेवर अंगठीने टकटक केली. निळे वाचत राहिले. मावशीने पुन्हा टकटक केली, दारात वसुलीला आलेल्या सावकारासारखी. काच खाली गेली.

"अहो, तुम्ही मध्येच कुठे, मावशी..."

"मध्येच? दात कोणाकडे आहेत? खाली वाकून बघा."

"मला मीटिंग आहे."

"मला परीक्षा आहे. तुमच्या कृपेने."

"मी ते सुरक्षिततेसाठी केलं."

"कोणाच्या? दाराच्या?"

"हे बघा, मला तुमच्याबद्दल आदर आहे..."

"तो ठेवा तुमच्याकडे. मागे घ्या."

"मागे सायकली आहेत."

"मग बसा. मी पण बसते. बघत बसते तुमच्याकडे. आज मला बघायला सांगितलंय."

आणि ती बघत बसली. आमच्या घराण्यातल्या बायकांचं बघणं काय असतं हे ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. निळ्यांचा कान लाल झाला, मग मान. आजूबाजूला सायकली थांबल्या होत्या आणि शाळेतली मुलं फोन काढून वाट बघत होती.

खेमेन्तेची बाई माझ्याकडे झुकून म्हणाली, "ते काय बोलतायत?"

"एकाच शहरातले आहेत," मी म्हणाले. "विचारपूस चालू आहे."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. "माझी सासू फ्रिसलँडची आहे," ती म्हणाली. "तिची भाषा मला कळत नाही. पण विचारपूस ओळखू येते."

तबेल्यात परत आल्यावर बाईने निकाल सांगितला. मावशी खुर्चीतून उतरली नव्हती. दोन्ही हात हँडलवर, कोणी ओढून घेईल तर सोडायचं नाही असे. बाई म्हणाली, डोळे उत्तम आहेत. ब्रेक वेळेवर. हक्क आपला असूनही थांबलात, हे तर मी तरुणांतही बघत नाही. तेव्हा स्कूटमोबील तुमच्याकडे राहील.

मावशीचे हात हँडलवरून खाली आले. मी दुसरीकडे बघितलं.

"फक्त एक," बाई म्हणाली. फाटकातून तुम्ही जरा जोरात बाहेर पडता, आणि तक्रारीत वेगाबद्दलही लिहिलंय. या हँडलवर वेगाची चकती आहे, एका टोकाला कासव, दुसऱ्या टोकाला ससा. माणूस येऊन ती कासवावर पक्की करून जाईल. पायी चालण्याचा वेग. काही महिन्यांनी हवं तर तुम्ही फोन करा, आम्ही पुन्हा बघू, आणि बहुतेक ससा परत देऊ.

मावशी डचमध्ये एकच शब्द बोलली, "दाख." म्हणजे या आता. तो शब्द तिने असा उच्चारला की बाईने कोन गोळा करायलाही फार वेळ लावला नाही.

"कासव!" बाई गेल्यावर ती मला म्हणाली. "गुडघे होते तेव्हा मी पायीसुद्धा याच्या दुप्पट चालायचे."

दोन दिवस ती माझा फोन घेत नव्हती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले आणि लाल रस्त्यावर वळले, तर पुढे गाड्यांची रांग. आमच्या रस्त्यावर रांग! मला वाटलं अपघात. मान काढून बघितलं. रांगेच्या अगदी पुढे, रस्त्याच्या उजव्या अर्ध्या भागाच्या मध्यावर, मोत्याच्या कुड्या घालून मावशी चालली होती. कासवाने. रस्त्याच्या बरोबर मधून दगडांची उंच पट्टी गेली आहे, आणि पलीकडून सायकली सतत येत असतात, त्यामुळे पुढे काढायची सोय नाही. काही बेकायदेशीर नाही. रस्ता तिचा, आम्ही पाहुणे. तिच्या मागे पहिली गाडी निळी होती.

आधी ती फाटकातून भर्रकन येऊन क्षणात निघून जायची. आता ती रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मिरवत जायला लागली. आणि तिला एक नवीन हत्यार सापडलं होतं. दर थोड्या वेळाने ती मान वळवायची, मागच्या गाडीकडे बघायची, हात वर करायची आणि गोड हसायची. आभार मानायची. परीक्षेत पास झालेलं सगळं. पावाच्या व्हॅनवाल्याला ती फार आवडायला लागली. मंडळातल्या लोकांनी मला फोन करून करून विचारलं की हे कधी थांबणार. एक जण म्हणाला, "वहिनी, मावशींना जरा जोरात चालवायला सांगा ना." मी म्हणाले, "जोरात चालवते म्हणून तर तक्रार झाली." तो म्हणाला, "कोणी केली हो?" मी सांगितलं. त्या रविवारी निळ्यांना ढोलकीच्या सरावाला कोणी न्यायला गेलं नाही, असं मी ऐकलं. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

मीही त्याच रांगेत अडकत होते, हे सांगायला हवं. दोनदा स्टेशनवरची माझी ट्रेन चुकली. मी मावशीला म्हटलं, निदान मला बघून तरी बाजूला हो. ती म्हणाली, "तुला हात केला की मी. बघितलं नाहीस?"

शेवटी निळे आले. माझ्याकडे नाही. थेट तिच्याकडे, तळमजल्यावर. मी भाजीची पिशवी घेऊन तिथेच होते. मावशी स्कूटमोबीलच्या टोपलीतून पाव काढत होती. दोन्ही बाजूंना इतरांची यंत्रं उभी, कोणाच्या खुर्चीवर विणलेली गादी, कोणाच्या हँडलला प्लॅस्टिकची फुलं. निळे दारात बूट पुसत उभे राहिले. मावशीने "या" म्हटलं नाही, "बसा" म्हणायला तिथे जागाही नव्हती.

"मावशी, झालं गेलं जाऊ द्या."

"जाऊ दिलं. माझ्यापुढेच तर जात नाही काही."

"मी विचार करत होतो," निळे म्हणाले, "तुम्ही खेमेन्तेला फोन केलात, तर ते वेग परत देतील. हवं तर मीच कळवतो, की माझी काही तक्रार राहिली नाही. तुम्हालाही सोयीचं."

"मला? मला काय घाई आहे?"

"नाही, पण... या वयात इतका वेळ थंडीत..."

"वय काढू नका."

"सॉरी." ते पुन्हा बूट पुसायला लागले. मग माझ्याकडे बघितलं. मी कोथिंबीर निवडायला घेतली. त्यांनी आवाज बदलला. गणपतीत माइकवर असतो तो गेला आणि एक साधा, दमलेला आवाज आला. "मावशी, खरं सांगतो. रोज उशीर होतोय. नवीन बॉस आहे, वेळेचा फार कडक. घरातून याआधी निघता येत नाही, मुलीला डबा द्यायचा असतो. तुम्ही फक्त मी जाऊन झाल्यावर निघालात तरी पुरे. ससा नको, काही नको."

मावशीने पाव पिशवीत ठेवला. चष्मा सारखा केला. आणि त्यांच्याकडे नीट बघितलं, बराच वेळ.

"किती वाजता निघता तुम्ही?" तिने विचारलं. इतक्या मऊ आवाजात, की माझ्या हातातली काडी थांबली.

निळ्यांचा चेहरा उजळला. त्यांनी वेळ सांगितली. अगदी मिनिटासकट. मंगळवारी आणि गुरुवारी जरा आधी, हेही सांगितलं.

"बरं झालं सांगितलंत," मावशी म्हणाली, आणि वाकून चार्जरची पिन भिंतीत खोचली.